निरगुडी तीन वाजता येते

१

मृणाली तरे मंगळवारी नाहीशी झाली आणि बुधवारपासून रोज दुपारी तीनला ती खेळायला येत होती. बुधवारी आली, गुरुवारी आली, शुक्रवारी, शनिवारीही आली. कशेळीतल्या तरेंच्या घराचा जीव चार दिवस या एवढ्याशा गोष्टीवर तगून होता.

खेळ म्हणजे मोबाइलवरचा 'अरण्यगड'. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि जंगलातली भुतंखेतं मारत गड चढायचा. एकट्यानं चढा, नाहीतर टोळी करून चढा. मृणालीच्या पात्राचं नाव निरगुडी. निरगुडी टोळीची वैदू होती, म्हणजे बाकीचे लढायचे आणि ही त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या जखमा भरायची. चोवीस वर्षांची मृणाली घरात मोजून बोलायची, पण 'खाडीपार' नावाच्या त्या टोळीशी तीन वर्षं तिची रोजची ऊठबस होती.

मंगळवारी दुपारी दोन वाजता ती घरातून बाहेर पडली. स्कूटर दारातच होती. दिवेलागणीला आली नाही, फोन बंद. तिचा थोरला भाऊ कुणाल बुधवारी सकाळी पोलिसांकडे गेला, तर हवालदार म्हणाला, एक दिवस वाट बघा. मग दुपारी कुणालनं, मृणाली ज्या गोदामात कामाला होती तिथल्या भावेशला गाडीत घेतलं आणि दोघं ठाण्याचे दवाखाने पालथे घालायला निघाले. भावेश त्याच टोळीतला. गाडी खाडीच्या पुलावर आली आणि भावेशच्या फोनवर ऋतिकाचा निरोप आला. ऋतिका मृणालीची मैत्रीण, तीही टोळीतलीच. निरोप एवढाच होता, की निरगुडी ऑनलाइन आली आहे.

कुणालनं पुलाच्या टोकावरून गाडी मागे वळवली. बहीण जिवंत आहे, कुठेतरी बसून खेळते आहे, मग दवाखाने कशाला शोधायचे? त्या दिवशी तो पोटभर जेवला, आणि त्या जेवणाची आठवण पुढे त्याला जन्मभर पुरणार होती.

हवालदारालाही तेच पटलं. "मुलगी सज्ञान आहे, रुसून गेलीय, बसलीय खेळत. कंटाळली की येईल," असं म्हणून त्यानं कागद पुढे सरकवलाच नाही. कुणालचे वडील केसरीनाथ यांनाही बोभाटा नको होता. पुढच्या आठवड्यात तिला बघायला पाहुणे येणार होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते म्हणाले. आईला, म्हणजे कमळाबाईंना, रक्तदाब. तिला बापलेकांनी सांगून टाकलं, की मृणाली ऋतिकाकडे राहायला गेलीय, फोन दुरुस्तीला टाकलाय. आईनं मान हलवली आणि ती कामाला लागली.

पण चार दिवसांत निरगुडीनं कोणाच्या एका निरोपाला उत्तर दिलं नाही. ती यायची, एकटीच काहीबाही करायची आणि दहा मिनिटांत निघून जायची. कुणालला झोप नव्हती. देवाला बोलायचे ते सगळे नवस बोलून संपले होते.

रविवारी दुपारी एक वाजता फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची, काळीसावळी, केसांत कापसाचे तंतू अडकलेले.

"कुणालदादा तुम्हीच ना?" ती म्हणाली. "मृणालीच्या नावानं जी खेळतेय ना, ती मृणाली नाहीये."

२

केसरीनाथ ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी बाईला आपादमस्तक न्याहाळलं. "ही कोन? कामाला हाय का कोनाकडं?"

"मी रोशनी. मूळची वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरची, आता कामतघरला चाळीत राहते, लूमच्या कारखान्यात कापड तपासायला असते," बाई शांतपणे म्हणाली. "आणि काका, टोळीचा सरदार मी आहे."

कुणाल चाट पडला. मृणालीच्या खोलीतून सरदार, सरदार ऐकून ऐकून त्यानं एक मिशाळ, आडदांड गडी डोळ्यांपुढे उभा केला होता. सरदार निघाली वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरची बाई, चाळीत राहणारी. केसरीनाथांनी तिला बस म्हटलं नाही. कुणालनं खुर्ची आणून दिली. तेवढ्यात आतून आई पाणी घेऊन आली, "बस गो पोरी," म्हणाली आणि पेला ठेवून स्वयंपाकघरात परतली. आत भजनं लागली होती. मृणालीचा तडा गेलेला जुना फोन आईनं भजनांसाठी ठेवून घेतला होता, आणि तो दिवसभर फळीवर वाजत असायचा.

"दादा, आमच्या धंद्यात एक आहे," आई आत गेल्यावर रोशनी म्हणाली. "कापडाचा ताका टेबलावर पसरला, की मी सांगते हा कोणाच्या लूमचा, दिवसपाळीचा की रातपाळीचा. सूत तेच, मशीन तेच, पण तार तुटली की गाठ कोण कशी मारतो ते वेगळं असतं. खेळातही असंच आहे. हात ओळखता येतो."

तिनं फोन काढला. खेळात टोळीचं एक अंगण होतं. भोवती प्रत्येकाची झोपडी, दारात एक दिवा आणि एक रोप. रोशनीची झोपडी निरगुडीच्या समोरच, म्हणून शेवटचे तीन दिवस तिनं सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

कुणालनं पाहिलं. निरगुडी अंगणात आली. हळू चालत झोपडीपाशी गेली, पायातले बूट काढून उंबऱ्याबाहेर ठेवले आणि आत शिरली. दिवा लावला, रोपाला पाणी घातलं. मग अंगणाच्या मधोमध जो देवाचा दगड होता त्याला उजवी घालून एक फेरी मारली आणि नाहीशी झाली.

"यात काय बघायचं?" कुणालनं विचारलं.

"बूट. ते बूट जादूचे आहेत. काढले की जीव निम्मा होतो. तीन वर्षांत मृणालीनं ते एकदा काढले नाहीत, आम्हीच कोणी काढत नाही. तो दगड निव्वळ शोभेचा आहे. त्याला फेरी मारून काही मिळत नाही. आणि काल गडाच्या दरवाजावर मोठी लढाई होती. दोन महिने तिची तयारी केलेली. वैदू नसली की सगळे मरतात. आम्ही मेलो. आणि त्याच दुपारी ही बाई शंभर पावलांवर रोपाला पाणी घालत होती. मृणाली माझ्यावर कितीही चिडली असती, तरी आमचे जीव जाताना बघत उभी राहिली नसती."

"सुतावरनं सर्ग गाठू नको," केसरीनाथ गुरकावले.

"काका, मी सुतावरच पोट भरते." रोशनीनं कुणालकडे पाहिलं. "तिचा फोन कोणाच्या तरी हातात आहे, नाहीतर तिचा पासवर्ड. पण खेळतेय ती मृणाली नव्हे. म्हणजे मंगळवारी दुपारनंतर तिला कोणी पाहिलेलंच नाही."

चार दिवस ज्या दिव्याकडे बघून कुणालनं धीर धरला, तो दिवा भलत्यानंच लावला होता.

३

रोशनीच्या सांगण्यावरून त्यानं भावेशला आणि ऋतिकाला तिथल्या तिथे बोलावून घेतलं. भावेश गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, पंचविशीचा, अंगानं दांडगा. ऋतिका आली तीच रडून सुजलेल्या डोळ्यांनी. रोशनी ओटीवरच बसली आणि एकेकाला विचारू लागली. तिच्या विचारण्यात आरडाओरडा नव्हता, आणि त्यामुळे समोरच्याला जास्तच घाम फुटत होता.

"भावेश, तिचा पासवर्ड तुझ्याकडे होता."

"होता, मागच्या दिवाळीत. तिनं बदलला नंतर." भावेश मान खाली घालून बोलत होता. "सरदार, भांडण झालं ते मान्य. पण ते तुझ्यासमोरच झालं ना."

"कसलं भांडण?" कुणालनं विचारलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

उत्तर ऋतिकानं दिलं. "तिला टोळी सोडायची होती, दादा. सोलो खेळायचं होतं. म्हणाली, तीन वर्षं मी सगळ्यांच्या मागे उभी आहे. तुम्ही पुढे जाता, तुमचं नाव होतं, मी तुमच्या जखमा भरते. मला जखम झाली की मागे वळून कोण बघतं? भावेश तिला हसला. म्हणाला, वैदूला एकटीनं कोल्हासुद्धा मारता येत नाही, पहिल्याच वळणावर मरशील."

"मस्करीत बोललो," भावेश पुटपुटला.

"मी काय केलं तेही सांगते," रोशनी म्हणाली. "मी सरदार. मी तिची बाजू घ्यायला हवी होती. मी म्हटलं, मोठी लढाई होऊ दे, मग बघू. नंतर वाईट वाटलं, म्हणून तिला लिहिलं, एक दिवस कामतघरला ये, समोरासमोर बसून बोलू. तीन वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही. तिनं 'येते' एवढंच लिहिलं. कधी ते लिहिलं नाही."

कुणाल ऐकत होता आणि आपल्या बहिणीची ही पहिलीच ओळख होते आहे असं त्याला वाटत होतं. घरातही ती सगळ्यांच्या मागेच उभी असायची. बाबांच्या गोळ्या, त्याचा डबा, आईचा दवाखाना, सगळं तीच बघायची. तिला काय हवं ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बुधवारी तीनला भावेश माझ्या गाडीत होता," तो म्हणाला. "त्याच्या हातात फोन होता, पण खेळत नव्हता. मी बघत होतो."

"आणि ऋतिका तेव्हा माझ्याबरोबर गडावर होती," रोशनी म्हणाली. "एका वेळी दोन पात्रं खेळायची तर दोन फोन आणि चार हात हवेत. या दोघांना मी त्यासाठी बोलावलंच नाहीये. मला त्यांच्याकडून एक तारीख हवी होती. भावेश, मागच्या महिन्यात मृणालीची पहिली शिफ्ट कोणत्या आठवड्यात होती?"

"दहा ते सोळा. सात ते चार."

"आणि ड्युटीवर फोन?"

"गेटवर जमा. सिक्युरिटीच्या लॉकरमध्ये. साहेबाचासुद्धा आत जात नाही."

रोशनीनं आपला फोन सगळ्यांच्या मधोमध ठेवला. टोळीच्या अंगणात कोणाचा दिवा कधी लागला याची नोंद खेळ आपोआप ठेवायचा. निरगुडीच्या नावापुढे दहा तारीख, तीन वाजून चार मिनिटं. अकरा तारीख, तीन वाजून दोन मिनिटं. सोळापर्यंत रोज, तीनच्या आगेमागे.

"मृणाली गोदामात, तिचा फोन लॉकरमध्ये, आणि दिवा लागलेला," ती म्हणाली. "हा दुसरा हात मंगळवारनंतर आलेला नाही. तो निदान महिनाभर आधीपासून होता. मृणालीला माहीत होता. बहुतेक तिनंच बसवला होता."

मग तिनं घराच्या दाराकडे पाहिलं. "आणि असा हात बाहेरचा नसतो, दादा. तो घरातला असतो."

४

केसरीनाथ उठून उभे राहिले. झोपाळ्याच्या कड्या करकरल्या.

"माझ्या घरात येऊन माझ्याच घरावर आळ घेतंस?"

कुणालनं वडिलांकडे पाहिलं, आणि जे मनात येऊ नये ते त्याच्या मनात आलं. पोलिसांना कागद करू नका म्हणाले ते बाबाच. पाहुण्यांच्या कार्यक्रमावरून मृणालीशी बोलाचाली झाली ती बाबांचीच. वज्रेश्वरीला आत्या राहते. पोरीला कुठेतरी नेऊन ठेवायचं, वर ती सुखात आहे असं दिसायची सोय करायची.

"बाबा, तुमाला काय ठावं असल तर आताच सांगा," तो म्हणाला. "मी पाया पडतंय तुमच्या."

केसरीनाथ त्याच्याकडे बघत राहिले. साठ वर्षांच्या त्या माणसाला पोरानं असं विचारावं, यापुढे आणखी काय व्हायचं राहिलं होतं?

"मना तो फोन चालू कराया पन येत न्हाय," ते शेवटी म्हणाले. "पोरीच्या जिवाची शपथ."

"काका खरं बोलतायत," रोशनी म्हणाली. "ज्याला फसवायचं असतं, तो निरोपांना उत्तर देतो. 'मी बरी आहे, काळजी करू नका' एवढं लिहिलं की काम झालं. निरगुडीला चार दिवसांत चाळीस निरोप गेले, सगळे इंग्रजी अक्षरांत, आम्ही तसंच लिहितो. एकही उघडलेला नाही. कुणालदादा, तुम्ही असता तर वाचले असते. चोर असता तर त्यानं पहिले वाचले असते. हा हात कोणाला फसवत नाहीये. त्याला ते निरोप निरोप वाटतच नाहीत."

ऋतिका डोळे पुसायची थांबली. भावेशनं वर पाहिलं.

"आता सांगा," रोशनी पुढे म्हणाली. "झोपडीत शिरताना जिवाची पर्वा न करता पायताण बाहेर काढतो. दगड दिसला की देव समजून उजवी घालतो. लढत नाही. दिवा लावतो, रोपाला पाणी घालतो. रोज तीनला मोकळा होतो. का, तर जेवणं झालेली असतात, भांडी झालेली असतात, आणि घरातले पुरुष—"

तिनं वाक्य सोडून दिलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून एक मिनिट झालं होतं. ओटीवर पाच माणसं होती आणि कोणाच्या हातात फोन नव्हता. मधोमध ठेवलेल्या फोनवर टोळीचं रिकामं अंगण दिसत होतं.

आतलं भजन थांबलं.

पडद्यावर निरगुडी उगवली आणि झोपडीकडे चालू लागली.

५

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर, तडा गेलेला फोन मांडीवर. एका बोटानं ती निरगुडीला चालवत होती, जपून, हात धरून नेल्यासारखी. दारात एवढी माणसं बघून ती गोंधळली.

"चाय टाकू का?" तिनं विचारलं.

"आई, हे काय करतंस?" कुणालचा आवाज फाटला.

"दिवा लावतंय. तिनीच शिकवलान मना. ड्युटीवर असली का मीच लावतंय. तीन दिस दिवा न्हाय लागला त तिचं घर दुसऱ्याला देतान, तसा नियम हाय त्यांचा." नवऱ्याकडे नजर जाताच तिनं फोन पदराखाली घेतला. "यांना आवडत न्हाय म्हनून सांगितला न्हवता. पोर मैत्रिनीकडं जेली म्हनून काय तिचं घर जाऊ द्यायचं?"

मृणाली मैत्रिणीकडे गेली हे तिला सांगितलं होतं तिच्याच माणसांनी, आणि ती मैत्रीण दारात उभी होती. आईनं ऋतिकाकडे पाहिलं, तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग ती हळूहळू पाटावरून उठली.

"ऋतिका, तू हितं. मग माझी पोर कुठं हाय?"

कुणालनं सांगितलं. मंगळवार, हवालदार, पुलावरून वळवलेली गाडी. सांगताना त्याला स्वतःचंच बोलणं ऐकवेना. आई जराही रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"पाच दिस," ती म्हणाली. "पाच दिस तुमी मना फसवलात. मी दिवा लावतंय, तुमी तो बघून गप बसतांव. मना कोनी ईचारला का, कमळे, पोर तुला काय सांगून जेली?"

रोशनी पुढे झाली. "काकी, सांगून गेली होती?"

"मना न सांगता ती कदी जात न्हाय. म्हनाली, आई, माझ्या सरदाराकडं चाललंय, कामतघरला. पुलाखालनं रस्ता ओलांडतंय, अंजूर फाट्याला रिक्षा बदलतंय, पाचला घरी. संध्याकाळी हे म्हनालं, ती ऋतिकाकडं ऱ्हायली. मना वाटला तिकडनं तिकडं जेली असल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुणालनं पोलीस विचारले, गोदाम विचारलं, मैत्रिणी विचारल्या. दहा पावलांवर भाकरी थापणाऱ्या बाईला सोडून त्यानं सगळ्या जगाला विचारलं होतं.

रोशनी भिंतीला टेकली. आल्यापासून घट्ट धरून ठेवलेला तिचा चेहरा आता सुटला. "ती माझ्याकडे निघाली होती," ती म्हणाली. "माझ्यापर्यंत आलीच नाही. आणि बुधवारी दिवा बघून मी म्हटलं, रुसलीय, असू दे."

घर ते कामतघर, मध्ये चार पदरी रस्ता, दिवसरात्र कंटेनर. कोणी कोणाला पळवून नेलं नव्हतं. मृणाली वाटेतच कुठेतरी पडली होती, आणि तिला शोधणारी माणसं एका दिव्यानं माघारी फिरवली होती.

६

गाडीत पुढे केसरीनाथ, मागे आई आणि रोशनी. भावेश आणि ऋतिका रिक्षावाल्यांना विचारायला फाट्याकडे गेले. कुणाल गाडी हाकता हाकता फोन लावत होता. पहिला दवाखाना, नाही. दुसरा, नाही. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी नोंदवही उलटून बघितली.

"मृणाली तरे नावाचं कोणी नाही. अनोळखी म्हणाल तर दोन पुरुष आहेत, बाई नाही."

कुणालनं फोन खाली ठेवला. अनोळखीतही नाही. म्हणजे आता दवाखाने संपले, आणि यापुढे कुठे विचारायचं ते त्याला माहीत होतं. ते आईसमोर कसं बोलायचं हे माहीत नव्हतं.

"परत लावा," मागून रोशनी म्हणाली. "अनोळखीत नसेल, कारण तिनं नाव सांगितलं असेल."

"सांगितलं असतं तर सापडली नसती का?"

"कोणतं नाव? दादा, घरात तिला हाक कोण मारतं? काम असलं तरच मारतात. टोळीत आम्ही तीन वर्षं रोज तिला हाक मारतोय. वाचव गं, ये गं, कुठे आहेस गं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला कोणी विचारलं, नाव काय तुझं, तर त्याच्या तोंडी कोणतं नाव येईल?"

कुणालनं गाडी कडेला घेतली. फोन रोशनीनं लावला.

"ताई, मंगळवारी दुपारी कशेळीच्या रस्त्यावरून आणलेली मुलगी. निरगुडी नावानं कोणी आहे का?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"आहे की," बाई म्हणाल्या. "निरगुडी, वय अंदाजे पंचवीस, पत्ता सांगता आला नाही. एका टेम्पोवाल्यानं आणून घातली. आम्हीच म्हणत होतो, असं नाव कोण ठेवतं. पण तीच सारखी सांगत होती. तुम्ही कोण तिचे?"

"आम्ही..." रोशनी म्हणाली. आईनं तिच्या हातातला फोन घेतला.

"मी आई," ती म्हणाली. "जिती हाय ना?"

होती. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. डोक्यात सूज होती. अतिदक्षता विभागाच्या बाहेर डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आणि ते काहीच लपवत नव्हते. "पहिले तीन दिवस मधून मधून शुद्धीवर येत होती. डोळे उघडायची, भोवतीच्या तोंडांकडे एकेक करून बघायची. कोणाला तरी शोधत असावी. कोणी सापडत नव्हतं. कालपासून डोळे उघडलेले नाहीत. शरीर झुंजतंय, पण तिनं स्वतः जोर लावायला हवा. पुढचे दोन दिवस काय ते ठरवतील. मी शब्द देऊ शकत नाही."

केसरीनाथ बाकावर बसले. चारचौघांत बोभाटा नको म्हणणारा तो माणूस त्या चारचौघांत तोंड झाकून रडू लागला. कुणालला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींत त्याचा स्वतःचा वाटा होता. बुधवारी तीन वाजता तो इथून वीस मिनिटांवर होता. तेव्हा ती डोळे उघडून बघत होती.

रोशनी दाराच्या काचेतून आत बघत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा ती मृणालीचा चेहरा बघत होती, आणि त्या चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. "मी बाहेरच थांबते," ती म्हणाली. "मी नात्यातली नाही."

सिस्टरनं दार किलकिलं केलं. "एका वेळी एकच माणूस. पाच मिनिटं. कोण जातंय?"

केसरीनाथांनी बायकोकडे बोट दाखवलं. घरात कुठेही पहिले जायचे ते, आज मागे सरले. कुणालही सरला. कमळाबाई पुढे झाल्या, दाराशी गेल्या आणि थांबल्या. त्यांनी मागे वळून एका हातानं रोशनीचं मनगट धरलं, दुसऱ्यानं नवऱ्याची बाही ओढली आणि कुणालला मानेनं खूण केली.

"बाई, नियम आहे," सिस्टर म्हणाली.

"हो. पन पाच दिस ती एकलीच व्हती," कमळाबाई म्हणाल्या. "आता तिच्याकडं एकल्यानं कोनी जायचा न्हाय."

सिस्टर त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तिनं दाराची दुसरी झडपही उघडली आणि बाजूला झाली.